तेरवीचे मास्तर

मास्तरांबरोबर कुठंही गेलं की पहिली पाच मिनिटं मान खाली घालून उभं राहावं लागे. घर लग्नाचं असो की मयतीचं, हा माणूस असं काही बोलून जाई की वाटे, ढोलकी इथंच टाकावी अन् पायी घरी निघून जावं. मी अमरावतीत एका शाळेत गणित शिकवतो अन् सुटीच्या दिवशी ढोलकी वाजवतो. वीसेक वर्षं ती मास्तरांच्या डाव्या हाताला बसून वाजवली. त्या वर्षांत मास्तरांपायी मला जेवढी लाज वाटली, तेवढी लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला बसताना वाटली नव्हती.

पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर मास्तर सगळं जग मोजत. नवी ओळख झाली की लोक गाव विचारतात, नोकरी विचारतात. मास्तर समोरच्याला त्याचा सूर सांगत. एकदा एका शाळेच्या गॅदरिंगला नेते आले होते. भाषण चांगलं रंगलं. आम्ही स्टेजच्या कोपऱ्यात बसलेलो. नेते खाली उतरताना मास्तरांनी हात जोडून त्यांना अडवलं. "साहेब, तुमी काळी पाचात बोलून राहिले. तुमचा गळा काळी दोनचा हाये. उतरा जरासे, नाई त बसते थो." नेते हसले. त्यांच्यासोबतचे लोक काही हसले नाहीत. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच शिकवून आणलं होतं.

मी घरी येताना चिडून म्हणालो, "मास्तर, काहून बोलता असं? पुढच्या वर्षी बोलावतीन का आपल्याले?"

"अरे बाबू, त्याचा गळा फाटून राहिला होता. मी काय गंमत पाहू?"

अन् खरं सांगतो, पुढल्या वर्षीही बोलावणं आलंच. कारण मास्तरांसारखं सगळं येणारा माणूस अमरावतीत दुसरा नव्हता. तरुणपणी बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवलं. मग ऑर्केस्ट्रात बेंजो, मग कीबोर्ड. भजनाला पेटी. तबलजी आला नाही तर तबला. गणपतीच्या आरतीला शंख फुंकायला कुणाचा दम पुरला नाही तर तोही हेच फुंकणार. साड्यांच्या सेलच्या ज्या ऑटो राजकमल चौकातून ओरडत फिरतात, त्यांतल्या कितीतरी जाहिरातींच्या चाली मास्तरांच्या. कुणी कौतुकानं सांगितलं की, मास्तर, तुमची चाल ऐकली बरं, तर यांचं तोंड वाकडं. "हाव, पन थ्या लेकाच्यानं स्पीड वाढवली. साडी विकून राहिला का आग लागली सांगून राहिला?"

कीबोर्डला बॅग असते. मास्तर मात्र तो त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, शिवलेल्या गोधडीत गुंडाळत, सुतळीनं बांधत अन् स्कूटीवर मागं आडवा ठेवत. गाडी बैलगाडीएवढी रुंद व्हायची. बाजारातून जाताना बाया शिव्या द्यायच्या अन् मी मागच्या गाडीवर बसून ओळख नसल्यासारखं दुसरीकडं बघायचो. बॅग घ्या म्हटलं तर म्हणत, "थंडीत त्याले काय होते तुले नाई समजत." यंत्राला थंडी वाजते, असं मानणारा माणूस. याच्याशी काय भांडायचं!

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आपल्याले लोक दोनच वेळेस बोलावतेत. घरात कोनी येऊन राहिलं तवा, नाई त घरातून कोनी जाऊन राहिलं तवा." येणाऱ्याच्या कार्यक्रमात ते कसंही वाजवत. म्हणजे वाजवत उत्तमच, पण वाजवता वाजवता गप्पा चालत, साउंडवाल्याला खुणा चालत, वाढप्याकडून दह्यातला गिला वडा मागवणं चाले. जाणाऱ्याचं मात्र वेगळं. तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, श्रद्धांजलीला जायचं असलं की मास्तर नखं कापत. लग्नाला नाही, तेरवीलाच. "पट्टीवर नख वाजते बाबू. लग्नात कोनाले ऐकू जाते? पन तिथं लोक चूप बसले असतेत."

आमच्याकडं हल्ली तेरवीला असा कार्यक्रम ठेवतात. फोटोला हार, पांढऱ्या चादरी, चार माणसं बोलणार, मधेमधे भजनं. दुसरे वाजवणारे ठरलेली भजनं वाजवून मोकळे होतात. मास्तर अगोदर त्या घरी जाऊन बसत अन् एकच गोष्ट विचारत, गेलेला माणूस काय गुणगुणत होता? विचारण्याची रीतही अशी की जमिनीनं पोटात घ्यावं. भरल्या बैठकीत, डोळे पुसणाऱ्या बायांसमोर, "आंघोळ करताना काय म्हनत होते जी ते?" मी मागून त्यांचा सदरा ओढायचो. ते सदरा सोडवून घेऊन परत विचारायचे.

मूर्तिजापूरला एका रिटायर गार्डच्या तेरवीत असंच झालं. त्यांची बायको पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "लावनी म्हनत होते बाप्पा. रोज." सुना एकमेकींकडं बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, झालं. पण मास्तरांनी ती लावणी इतकी संथ केली, इतकी खाली आणली की भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांना तो कुठला तरी जुना अभंगच वाटला. त्यांनी टाळही धरले. घरच्यांना तेवढी ओळखू आली. ती बाई रडत होती अन् हसतही होती. कार्यक्रम झाल्यावर तिनं मास्तरांच्या पाया पडायला वाकावं अन् मास्तरांनी घाबरून मागं सरकताना माझी ढोलकी पाडावी, तीही उताणी.

तेव्हापासून अमरावती-अकोल्याकडं लोक त्यांना तेरवीचे मास्तर म्हणायला लागले. नाव ऐकायला अभद्र आहे, पण मास्तरांना ते आवडायचं. त्यांच्या आयुष्यात त्यांना आवडलेली ही एकच पदवी. लग्नं पोट भरायला, म्हणत, अन् हे आपलं काम.

आता जठारपेठेतलं सांगायलाच हवं. टाळत होतो.

अकोल्याला जठारपेठेत एक रिटायर हेडमास्तर वारले होते. मोठा करडा माणूस. मुलगा वकील. फोनवर मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला तर वकील म्हणाले, "बाबा काही गुणगुणत नव्हते." मास्तर म्हणाले, "असं होऊच शकत नाई." इथं मी पुन्हा कपाळाला हात लावला. शेवटी हेडमास्तरांच्या बायकोनं फोन घेऊन सांगितलं, दाढी करताना ते शीळ घालत. एका अभंगाची शीळ. मास्तर एवढे खूश झाले की तुम्हाला सांगतो, दोन दिवस तीच शीळ घालत फिरत होते. कीबोर्डात शिळेसारखा आवाज निघतो, तो त्यांनी शोधून ठेवला. म्हणून त्या दिवशी पेटी नेली नाही, कीबोर्ड नेला. तिथं सगळं बिघडलं.

कारण आदल्या दिवशी आम्ही वरूडला होतो, एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडच्या वरातीला. कीबोर्डावर एक बटण असतं, आम्ही त्याला सिंक म्हणतो. ते दाबून ठेवलं की पहिल्या पट्टीला बोट लागताच ताल आपोआप सुरू होतो. वरातीत फार सोयीचं. नवरदेव घोड्यावरून उतरला की बोट ठेवायचं, ढोल सुरू. मास्तरांनी त्या ढोलात शिट्ट्या अन् पोरांचा ओरडाही भरून ठेवला होता. वरूडहून आम्ही तसेच गाडीनं अकोल्याला आलो. मूर्तिजापूरच्या पुढं गाडीतच मास्तरांनी नखं कापली. सिंक काढायचं राहून गेलं.

हॉल भरलेला होता. शिक्षक, वकील, हेडमास्तरांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच पिकलेले. भाषणं झाली. मास्तरांनी माइक घेतला अन् म्हणाले, "सर दाढी करताना जे म्हनत होते ते वाजवतो. थोडा वेळ कोनी बोलू नोका जी." हॉल एवढा शांत झाला की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मास्तरांनी चष्मा काढला, डोळे मिटले, फोटोकडं मान झुकवली अन् पट्टीवर बोट ठेवलं.

ढोल सुरू झाला. पूर्ण आवाजात, शिट्ट्यांसकट.

अन् माझा हात ढोलकीवर पडला. काय सांगू! वीस वर्षं मास्तरांच्या ढोलावर हात टाकायची सवय. दोन ठोके मीही दिले. मग भानावर आलो. मास्तर चष्म्याशिवाय बटण शोधत होते अन् हाताला जे लागलं त्यानं ढोल आणखी चढला, वरून पोरं ओरडली. मी उठून वायर उपटली. त्यानंतर जी शांतता झाली ती मला अजून सोसत नाही. मागून एका बाईच्या नाकातून हसू निघालं. तिनं ते दाबलं. मग दुसरीकडून निघालं. लोक खाली माना घालून हलत होते, खांदे हलत होते, पण आवाज नाही. हेडमास्तरांची बायको फोटोकडं बघत बसली होती. वकील उभे राहिले.

"मास्तर, उठा."

रागावले असते, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले अन् बसले. आम्ही कीबोर्ड गोधडीत गुंडाळला. बसलेल्या लोकांच्या मधून ते आडवं धूड बाहेर काढायचं होतं. मास्तर एका हातानं ते धरून दुसऱ्या हातानं प्रत्येकाला नमस्कार करत चालले होते. "माफ करा. माफ करा जी. माफ करा." दारातल्या चपलांपर्यंत.

येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. टपरीवर दोघं जण मोबाइल बघून पोट धरून हसत होते. मला आवाजावरून कळलं, हॉलमध्ये कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. मास्तरांनाही कळलं. ढोलाची पट्टी त्यांना कळणार नाही तर कुणाला? ते कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले.

मग तो व्हिडिओ सगळीकडं गेला. आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही आला, वर हसरी तोंडं. कुणी त्यात गाणं घातलं, कुणी नाचणारी म्हातारी घातली. लग्नाचे लोक मास्तरांना फोन करायला लागले की, मास्तर, तो मयतीवाला आयटम करता का आमच्याकडं? मास्तर त्यांनाही म्हणायचे, माफ करा. फोन उचलल्यावर लोक हॅलो म्हणतात, हे माफ करा म्हणायला लागले. भाजीवालीला, कंडक्टरला, रस्त्यात धक्का देऊन जाणाऱ्या पोट्ट्याला. वकिलांकडं माफी मागायला गेले तर त्यांनी फाटकातूनच सांगितलं, झालं ते झालं. फाटक काही उघडलं नाही. मास्तर पुढल्या आठवड्यात परत गेले. त्यानंतर काकूंनी त्यांच्या स्कूटीची किल्ली लपवून ठेवली.

मी घरी गेलो की काकू दारातच कुजबुजायच्या, "टीव्हीचा आवाज बी कमी करून ठेवतेत हो हे. कुकरची शिट्टी झाली त दचकतेत. काय करू मी?" ज्या माणसाची मला वीस वर्षं लाज वाटत आली, त्यालाच आता स्वतःची लाज वाटत होती, अन् मला ते बघवत नव्हतं. मी म्हणायचो, मास्तर, कुणाला तरी त्याचा सूर सांगा ना, तो नवा कलेक्टर फार वरच्या सुरात बोलतो म्हणे. ते नुसते मान हलवत.

अशात माझी आई गेली.

आई अन् मास्तर यांचं एक वेगळंच होतं. कार्यक्रमाहून येताना ते आमच्याकडं जेवत. बेसन-भाकर, कांदा. एकदा तिनं विचारलं, "मास्तर, सगळ्याइले सांगता, मले नाई सांगतला माहा सूर." आई भाकर थापताना एक ओवी गुणगुणायची, शब्द अर्धे विसरलेली. मास्तर घास हातात धरून ऐकत राहिले अन् म्हणाले, "आई, तुमी दोन पट्ट्याइच्या मधात गाता. तिथं पट्टीच नाई." आई आठ दिवस रुसली होती. मग तीच सगळ्या गल्लीला सांगत सुटली की, माहा सूर पेटीत नाई म्हने.

मी मास्तरांकडं गेलो. म्हणालो, तेरवीला तुम्ही यायचं.

"नाई बाबू."

"आईसाठी मास्तर."

"तिच्याचसाठी नाई म्हनून राहिलो. मले पाह्यलं का लोक हसतेत आता. मी पेटी उघडायच्या आधीच हसतेत. तुह्या आईच्या फोटोसमोर लोक हसले त मी कोनत्या तोंडानं जगू? माफ कर मले."

मी चिडलो. ओरडलोच त्यांच्यावर. "तुमी विचारत फिरत होते ना घरोघरी, काय गुनगुनत होते म्हनून? आता माह्या घरी मी कोनाले सांगू? तिचा सूर पेटीत नाई, हे दुसऱ्या कोन्या वाजवनाऱ्याले समजीन का?"

मास्तरांनी स्वतःची नखं पाहिली. मग काकूंना म्हणाले, "माही जुनी पेटी काढजो वं. थे विजेवर नाई चालत."

तेरवीला ते आले. धुतलेला सदरा, काखेत पेटी. दारातच त्यांना दोघातिघांनी ओळखलं अन् कोपरानं एकमेकांना ढोसलं. मी आत बसवलं. ढोलकी घेऊन त्यांच्या डाव्या हाताला बसलो. मास्तरांनी भाता सैल केला अन् मी समोर बघितलं.

मोबाइल वर आले होते. एक, दोन नाही, सगळीकडं. माझे शेजारी, शाळेतले सहकारी, आईच्या माहेरची माणसं. तेराव्या दिवशी, हार घातलेल्या फोटोसमोर, सगळे मास्तरांवर मोबाइल धरून वाट बघत होते. आईसाठी कुणी धरला नव्हता. सगळ्यांत पुढं माझ्या बहिणीचा नवरा, अकोल्याचे जावई. जावई माणूस, त्याला घरात कुणी काही बोलत नाही, म्हणून ऐसपैस मांडी घालून, कोपर गुडघ्यावर टेकवून, नीट नेम धरून बसलेला. मला माझ्या माणसांची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मला वाटलं उठावं अन् एकेकाच्या हातातून तो डबा हिसकून फोडावा. मास्तरांनी ते सगळं पाहिलं होतं. पट्टीवर ठेवलेलं बोट त्यांनी परत उचललं. मी हळूच म्हणालो, "मास्तर, माह्याकडं पाहा."

त्यांनी पाहिलं अन् वाजवायला लागले.

आईची ओवी होती ती. अर्ध्या शब्दांची. मी फार हलकी थाप दिली. चाल वर चढत चढत त्या जागेवर आली, जिथं आईचा आवाज दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन बसायचा. मास्तरांनी तिथं बोटं उचलली. भाता तेवढा चालू ठेवला अन् तो सूर स्वतःच्या गळ्यातून काढला. मास्तर कधी गात नसत. त्यांचा गळा घोगरा, थकलेला. पण सूर तोच होता, हुबेहूब. स्वयंपाकघरातून माझी बहीण धावत बाहेर आली, पिठाच्या हातांनी, अन् दाराशी उभी राहून रडायला लागली. मला काही दिसेना. मी हातांच्या भरवशावर वाजवत राहिलो.

दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा समोरचे मोबाइल खाली जायला लागले होते. कुणी खिशात टाकला, कुणी त्यात दुसरंच काही बघायला लागला. एकानं जांभई दिली. शेवटची ओळ संपली तेव्हा एकच उरला होता, जावयांचा.

मास्तरांनी भाता बंद केला. बहिणीच्या हुंदक्याशिवाय आवाज नव्हता. जावयांनी मोबाइल खाली घेतला, त्यावर बोट फिरवून पाहिलं अन् शेजाऱ्याला म्हणाले, हळू म्हणायचं म्हणून म्हणाले पण सगळ्यांना ऐकू गेलं, "काही झालंच नाई बुवा. मी त पुरं रेकॉर्ड करून राह्यलो होतो."

पेटी बांधता बांधता मास्तर थांबले. जावयांकडं वळले अन् दोन्ही हात जोडले.

"माफ करा, जवाईबापू."

टोमणा नव्हता तो. मास्तरांना टोमणा मारता येत नाही. ते खरंच माफी मागत होते.